कॅसिनो शेजाऱ्याच्या गावात, पैसा आपल्या घरचा



ऊस, पाणी, खत आणि बिल हे नेहमीचे विषय सोडून या अंकात कॅसिनो कुठून आला, असे काही मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. आपल्या कार्यक्षेत्रात कॅसिनो नाही आणि आजच्या कायद्याने तो येऊही शकत नाही. पण घाट उतरून गेले की शेजारी गोव्यात तो आहे, आणि शनिवारी संध्याकाळी घाट उतरणाऱ्या गाड्यांत आपल्याकडच्या गाड्या काही थोड्या नसतात. हंगामाचे बिल बँकेत जमा झाले की त्या गाड्या वाढतात, हे पारावर बसणाऱ्या कोणालाही विचारा. तेव्हा गोव्यातील लोक आपल्या गावात येऊ घातलेल्या कॅसिनोबद्दल काय म्हणतात, हे आपण समजून घेतले तर त्यात आपलाच फायदा आहे.

जुगारबंदीच्या कायद्यातून जुगाराची वाट

कॅसिनो म्हणजे सरकारी परवाना घेऊन, कर भरून, दिव्यांच्या झगमगाटात चालवलेला जुगाराचा अड्डा. नाव परदेशी, धंदा जुनाच. गोव्यात सार्वजनिक जुगाराविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला. त्याच कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवायला परवानगी दिली गेली. १९९६ साली आणखी एक दुरुस्ती झाली आणि पाण्यातल्या जहाजावर पत्ते, फिरते चाक असे टेबलावरचे खेळही कायदेशीर झाले. म्हणजे कायद्याचे नाव जुगाराविरुद्धचे आणि आतल्या एका कलमात जुगाराचा परवाना.

जहाज म्हटल्यावर ते दूर समुद्रात असेल, असे साध्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात ती जहाजे मांडवी नदीत, पणजी शहराच्या अगदी समोर उभी राहिली. आज अशी सहा जहाजे तेथे आहेत. ती नदीतून हलवू, असे आश्वासन पणजीकरांनी कितीदा तरी ऐकले. विरोधी बाकांवर बसून कॅसिनोविरुद्ध मोर्चे काढणारेही पुढे सत्तेवर आले. जहाजे मात्र तेथेच राहिली आणि सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ वर्षानुवर्षे मिळत गेली. तात्पुरते म्हणून आलेले पाहुणे कायमचे बिऱ्हाड कसे करतात, हे या प्रकरणात पाहावे.

जहाजे हलवायची तर कोठे, असा प्रश्न निघाला की बोट उत्तरेकडे, पेडणे तालुक्याकडे जाते. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमानांची ये-जा सुरू झाली. त्याच तालुक्यात, महामार्गालगतच्या धारगळ गावच्या हद्दीत, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे आणि त्यांच्या जोडीला कॅसिनो, असा मोठा प्रकल्प एका कंपनीने मांडला. तेव्हापासून पेडण्याच्या गावांतून हा वाद चालू आहे.

बाजूने बोलणारे

एकच बाजू मांडून दुसरी झाकणे आपल्या पत्रिकेला शोभणार नाही. कॅसिनो हवा म्हणणारे काही सगळेच दलाल नव्हेत. त्यांचे म्हणणे साधे आहे. पोरगं शिकलंय, घरी बसलंय. विमानतळ झाला, पण सगळ्यांनाच तेथे नोकरी मिळाली असे नाही. कॅसिनोत पत्ते वाटणारे, हिशेब ठेवणारे, स्वयंपाकी, वाढपी, सफाईवाले, रखवालदार, गाडीवान असे सगळेच लागतात. पगार महिन्याच्या महिन्याला होतो. भाजी, मासळी, दूध, कोंबडी लागते, खोल्या भाड्याने जातात. खाणी बंद पडल्यावर गोव्याच्या तिजोरीला जो खड्डा पडला, तो भरायला परवाना फी आणि कर उपयोगी येतात. जुगार वाईट म्हणावे तर सरकारची लॉटरी काय आहे? आपल्या महाराष्ट्राने तर राज्य लॉटरी १९६९ सालीच काढली. मग कॅसिनोनेच काय पाप केले?

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या घरी पोर बेकार बसले आहे, त्याला नीतीचे पाठ देऊन चूल पेटत नाही.

विरोध करणारे काय म्हणतात

विरोध करणाऱ्यांचा पहिला आक्षेप जमिनीचा आणि पाण्याचा आहे. धारगळचा परिसर तिळारी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातला. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प असून धरण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात आहे. त्या धरणासाठी आपल्याच राज्यातली गावे उठली. घरदार, देऊळ, शेत सोडून लोक निघाले, ते खालच्या शेतांना पाणी मिळावे म्हणून. त्या पाण्याखालच्या जमिनीवर जुगाराची हॉटेले उभी राहणार असतील, तर उठलेल्या माणसाने कोणाकडे पाहायचे? पाटपाण्यासाठी ज्यांनी पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली, त्या आपल्या सभासदांना या आक्षेपाचे वजन वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप नोकऱ्यांचा आहे. नोकऱ्या येतील, पण कोणाला? पत्ते वाटायचे काम शिकलेली माणसे कंपनी बाहेरूनही आणते. गावच्या वाट्याला झाडलोट आणि रात्रपाळी येईल, अशी भीती आहे. जमीन एकदा गेली की तिच्यावर राबणारे कुटुंब कायमचे मोकळे होते.

तिसरा आक्षेप घरचा आहे आणि तो बायामाणसे जास्त ठासून मांडतात. जुगार दाराशी आला की घरातला कोण कधी तिकडे वळेल, याची खात्री कोण देणार? पणजीत कॅसिनोविरुद्धच्या चळवळीत स्त्रिया पुढे राहिल्या, याचे कारण हेच असावे. पुरुष हरतो तेव्हा पहिले दागिने बाईचे जातात. हे सांगायला महाभारतापर्यंत जायची गरज नाही, पण महाभारतातही तेच घडले.

चौथा आक्षेप मात्र या सगळ्यांहून मोठा आहे. आम्हाला विचारले कोणी? मोठ्या गुंतवणुकीच्या प्रकल्पाला मंजुरी राज्याच्या पातळीवर मिळते. ग्रामसभेत चर्चा होते तेव्हा बाहेर बरेच काही ठरून गेलेले असते. बाजूने बोलणारा असो की विरोधात, या मुद्द्यावर दोघांनीही एक व्हायला हवे. ज्याच्या अंगणात मांडव घालायचा, त्याला आधी विचारावे, ही आपली रीत आहे.

गोवेकराला बंदी, मग मुभा कोणाला?

आता सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जुगार खेळायला जाण्यास बंदी घातली. पर्यटकाने जावे, स्थानिकाने जाऊ नये. असेच नेपाळात आहे. काठमांडूत पहिला कॅसिनो १९६८ साली निघाला, पण नेपाळी नागरिकाला तेथे खेळायला मज्जाव. मग खेळतो कोण? मोठ्या संख्येने आपले भारतीयच.

याचा अर्थ काय होतो, तो शांतपणे पाहा. जे सरकार कॅसिनोला परवाना देते, तेच सरकार आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवते. म्हणजे हा माल घरात वापरण्यासारखा नाही, हे विकणाऱ्यालाच ठाऊक आहे. आपल्या गुऱ्हाळातला गूळ मालक स्वतः खात नसेल, तर गिऱ्हाईकाने तो घ्यावा काय?

आणि गिऱ्हाईक कोण, तर कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, मुंबई, गुजरात येथून आलेला माणूस. गोव्याच्या माणसाचे घर राखायचे आणि आपल्या माणसाचा खिसा मोकळा करायचा, असा हा व्यवहार आहे. त्यात गोव्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी त्यांचे घर पाहिले. आपले घर आपणच पाहायचे.

काट्याचा हिशेब

कॅसिनोत लबाडी होते म्हणून माणूस हरतो, असा पुष्कळांचा समज आहे. लबाडीची गरजच नसते. फिरत्या चाकाचा खेळ घ्या. चाकावर १ ते ३६ आकडे आणि एक शून्य, अशी ३७ घरे असतात. समजा, तुम्ही प्रत्येक घरावर एक रुपया लावला. एकूण ३७ रुपये गेले. कोणता तरी आकडा येणारच. त्या घराचे तुम्हाला ३५ रुपये बक्षीस आणि लावलेला एक रुपया, असे ३६ मिळतात. एक रुपया कॅसिनोचा झाला. शेकडा २ रुपये ७० पैसे. काही चाकांवर दोन शून्ये असतात, तेथे ही कपात शेकडा सव्वापाच रुपयांवर जाते.

आपल्या भाषेत सांगायचे तर वजनकाटा टनामागे २७ किलो कमी दाखवतो. अशी काटामारी कारखान्यावर झाली तर सभासद गव्हाणीत ऊस पडू देणार नाहीत, सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतील. येथे मात्र पाटी लावून काटा मारतात आणि माणूस हसत हसत माल घालतो.

शिवाय हा काटा एकदाच बसत नाही, दर खेपेला बसतो. तासाला ४० वेळा चाक फिरले आणि दर वेळी ५०० रुपये लावले, तर तासात २० हजारांची उलाढाल होते आणि त्यात सरासरी ५४० रुपये जातात. पाच तासांत २,७०० रुपये. कोणी एखादा जिंकून उठतो, नाही असे नाही. त्याचीच गोष्ट गावभर होते. हरलेला गप्प बसतो, म्हणून जिंकणारे जास्त दिसतात. त्यात आत जेवण आणि दारू प्रवेशाच्या पैशांतच मिळते, मग हात आणखी सैल सुटतो.

करही पाहा. कॅसिनोवर १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जी.एस.टी. बसू लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचा दर ४० टक्के झाला. हा भार शेवटी खेळणाऱ्याच्याच डोक्यावर येतो.

परमुलखात गावाला विचारले तेव्हा

गावाचे मत घेऊन काय होते, याची दोन उदाहरणे अमेरिकेतली आहेत.

अटलांटिक सिटी हे न्यू जर्सी राज्यातले समुद्रकाठचे जुने शहर. पर्यटक कमी झाले, धंदे बसले. कॅसिनो काढू द्यावेत काय, यावर राज्यात १९७४ साली मतदान झाले, लोकांनी नाही म्हटले. १९७६ साली पुन्हा मतदान झाले. या वेळी कॅसिनो फक्त या एकाच शहरात असतील आणि कराचा पैसा म्हाताऱ्या व अपंग लोकांसाठी जाईल, असे सांगितले गेले. लोकांनी होकार दिला. मे १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला आणि बरीच वर्षे हजारो लोकांना काम मिळाले, हे खरे. पुढे शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो काढले आणि गिऱ्हाईक वाटले गेले. २०१४ या एका वर्षात तेथल्या बारांपैकी चार कॅसिनो बंद पडून सुमारे आठ हजार नोकऱ्या गेल्या. २०१६ साली शहराचा कारभार राज्य सरकारला हाती घ्यावा लागला. त्याच वर्षी राज्याच्या उत्तर भागात कॅसिनो काढावेत काय, असे लोकांना विचारले, तेव्हा चारांतल्या तिघांहून अधिक मतदारांनी नाही म्हटले. चाळीस वर्षे जवळून पाहिलेल्या लोकांचे हे मत आहे.

दुसरे गाव गेटिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया राज्यातले. १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धातली मोठी लढाई तेथे झाली. त्या रणभूमीजवळ कॅसिनो काढण्याचा प्रस्ताव २००५ साली आला. गावात दोन तट पडले. एक म्हणे नोकऱ्या हव्यात, दुसरा म्हणे ज्या मातीत इतकी माणसे पडली तेथे जुगार नको. परवाना देणाऱ्या मंडळाने गावात जाहीर सुनावणी घेतली आणि दोन्ही बाजूंना बोलू दिले. डिसेंबर २००६ मध्ये परवाना नाकारला गेला. २०१० मध्ये नवा प्रस्ताव आला, पुन्हा सुनावणी झाली, २०११ मध्ये परवाना दुसऱ्या ठिकाणाला गेला. शेजाऱ्याशेजाऱ्यांत कडवटपणा आला असेल, पण सगळ्यांना बोलता आले.

सिंगापूरने तिसरी वाट काढली. तेथे २०१० साली कॅसिनो सुरू झाले. स्थानिक नागरिकाला आत जायला दिवसाला १०० डॉलर प्रवेशकर ठेवला, तो २०१९ पासून १५० डॉलर केला. शिवाय घरच्या माणसांना अर्ज करून आपल्या माणसाचा प्रवेश बंद करून घेता येतो. बायको-मुलांच्या शब्दाला कायद्याने किंमत दिली, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आपल्या राज्यात काय झाले

महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोवर नियंत्रण व कर यांचा कायदा केला होता. पण तो कधी अमलात आणला नाही. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे तो कागदावर पडून राहिला. अधूनमधून कोकणात पर्यटनासाठी कॅसिनो काढा, अशी मागणी याच कायद्याकडे बोट दाखवून होई. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि पुढे विधिमंडळाने तो रद्द केला. तेवढ्यापुरते दार बंद झाले.

दार बंद झाले, पण खिडकी उघडीच होती. मोबाईलवरचे पैशाचे खेळ घराघरांत शिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांना मनाई करणारा कायदा केला. मटक्याला कायद्याने बंदी कधीपासूनची आहे, तरी मटका कोठे कोठे चालला, हे आपण पाहिलेच आहे. कायदा दाराला कडी लावतो, पण ती काढणारा हात घरातलाच असतो.

दोन गोष्टींची तुलना

गोव्यात सहकारी साखर कारखाना एकच, धारबांदोडा तालुक्यातला संजीवनी. २०१९ नंतर तेथे गाळप झालेले नाही. तेथले ऊसकरी तेव्हापासून सरकारदरबारी खेटे घालत आहेत. कॅसिनोमुळे कारखाना बंद पडला, असे कोणी म्हणू नये, ते खरे होणार नाही. कारखाने बंद पडण्याची कारणे आपल्यालाही ठाऊक आहेत, आणि सहकारात सगळेच सोज्वळ आहे, असेही नाही. पण एक फरक आहे. कारखान्यात शेअर असलेला लहान शेतकरीही सभेत उभा राहून अध्यक्षाला जाब विचारू शकतो. उसाचा पैसा फिरून गावातच येतो, तोडणीवाल्याला, गाडीवानाला, दुकानदाराला. कॅसिनोत गावकऱ्याला ना शेअर, ना मत, ना जाब विचारायची सोय. धंदा आणायचाच तर यांपैकी कोणत्या जातीचा आणायचा, हे गावाने ठरवावे.

ग्रामसभेने आणि घराने काय करावे

उद्या आपल्या भागात कॅसिनो नसला तरी दुसरा एखादा झगमगाटी प्रकल्प येईल. तेव्हा ग्रामसभेत हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. जमीन कोणती, तिला पाणी कोठले? नोकऱ्या किती, कायम किती, गावच्या किती? पैसा कोणाकडून येणार आणि कोठे जाणार? नुकसान झाले तर भरून कोण देणार? आणि मालक आपल्या मुलाबाळांना तेथे येऊ देतो काय?

घरापुरते थोडे. उसाच्या बिलाचे खाते पती-पत्नी दोघांच्या नावे असावे. बिल जमा झाले की सोसायटीचे देणे, पुढच्या लागणीचा खर्च, मुलांची फी एवढे आधी बाजूला काढावे. जुगाराचे देणे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे कोर्टातून वसूल करता येत नाही, हे ध्यानात ठेवा आणि कोणी धमकावीत असेल तर घाबरून जमीन लिहून देऊ नका. मात्र जुगारासाठी बँकेतून दुसरे कारण सांगून काढलेले कर्ज फेडावेच लागते, तेथे ही पळवाट नाही. आणि घरातले कोणी या नादात सापडले असेल तर मारून, कोंडून उपयोग होत नाही. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तेथे मराठीत बोलता येते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. सगळे गमावून बसलेल्या त्या माणसाला तेथे शेतीकडे वळायला सांगितले आहे. शेतीतही पाऊस, कीड आणि भाव यांचा जुगार आहेच, असे कोणी म्हणेल. म्हणा खुशाल. पण शेतीत हरलेल्याच्या हाती निदान जमीन राहते, आणि पुढच्या हंगामात तिच्यात पुन्हा लागण करता येते. ती जमीन आणि तिचे बिल सांभाळा, एवढेच सभासदांना सांगणे आहे.